उलट म्हणजे नेमके काय?

(एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष बी. ए., मराठी)

‘उलट’ हा शब्द आपल्याकडे चांगल्या अर्थाने फारसा वापरला जात नाही. वडीलधाऱ्यांना उलट बोलू नये, उलटी गंगा वाहू लागली, पाहुणा उलट्या पावली परत गेला, असेच आपण म्हणतो. मी मात्र गेले तीन-चार महिने या एका शब्दापाशी अडून बसले आहे, आणि तेही संगणकापुढे. एखाद्या फाईलमधला मजकूर उलटा करणे ही गोष्ट ऐकायला पोरखेळ वाटते. पण ती करायला गेले तेव्हा माझे नुकसान झाले, थोडे शहाणपण आले, आणि मराठी घेऊन बी. ए. करणाऱ्यांनी संगणकाच्या या अंगाकडे पाठ फिरवू नये असे माझे मत बनले. ते मत मांडण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आधी प्रसंग सांगते. लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी सरांनी सांगितले, की प्रत्येकाने आपल्या घरातले काहीतरी आणावे. आमच्या घरी वडील गवंडीकाम करतात, आई चौथीपर्यंत शिकली. घरात पुस्तक म्हणून जे काही आहे ते माझे पाठ्यपुस्तक. त्यामुळे ‘घरातले आणा’ हे ऐकून मी प्रथम गप्प बसले. मग आजीची आठवण झाली. आजीला लिहिता-वाचता येत नाही, पण जात्यावरच्या ओव्या तिला किती येतात याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये अशाच ओव्या गावोगावच्या बायकांकडून जमवल्या. मग माझ्या आजीच्या ओव्यांनी वहीबाहेर का राहावे?

दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्याजवळ बसून ओव्या मोबाईलवर टिपू लागले. शेवटच्या काही कॉलेजच्या संगणकावर टाईप केल्या. एकूण ३१२ झाल्या. पण टिपताना मी एक चूक करत गेले. टिपणवही उघडली, की ती वरच्या टोकाला उघडते. म्हणून नवी ओवी मी दर वेळी वरतीच लिहीत गेले. परिणामी आजीने सगळ्यांत शेवटी म्हटलेली ओवी फाईलमध्ये पहिली आली आणि पहिली ओवी तळाशी गेली.

‘त्यात काय बिघडले?’ असे कोणी म्हणेल. ज्यांनी दळणाच्या ओव्या ऐकल्या आहेत ते म्हणणार नाहीत. आजी जात्यावर बसली की आधी देवाला हात जोडते, मग आईबापाकडे वळते, मग भाऊ, मग सासर, मग लेकरे. दळण सरत आले की ओवीचा सूर बदलतो. हा क्रम म्हणजे तिच्या दिवसाचाच क्रम आहे. तो उलटा झाला, तर बाई सासरहून माहेरी आणि माहेराहून देवाकडे निघाली आहे असे दिसते. प्रकल्प असा देता येत नव्हता.

तीनशेबारा ओव्या एकेक करून कापायच्या आणि खाली चिकटवायच्या, या विचाराने मी रडकुंडीला आले होते. तेव्हा प्रयोगशाळेतल्या सहायक सरांनी लिनक्सवर टर्मिनल नावाची काळी खिडकी उघडून दिली. तिच्यात चित्रे नाहीत, बटणे नाहीत. आपण एक आज्ञा टाईप करायची आणि यंत्राने ती पाळायची. ही पद्धत जुनी आहे. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली सुरू केली. तिचे तत्त्व असे, की प्रत्येक आज्ञेने एकच लहान काम करावे आणि ते नीट करावे. १९७३ साली डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहातून तिच्यात ‘पाईप’ आला. दोन आज्ञांच्या मध्ये एक उभी रेघ काढली, की पहिलीने तयार केलेला मजकूर दुसरीच्या हाती जातो. विटा देणारा एक, त्या रचणारा दुसरा, दर्जा भरणारा तिसरा, असे वडिलांच्या कामावर मी पाहिले आहे. त्यामुळे हे तत्त्व समजायला मला वेळ लागला नाही.

या आज्ञांमध्ये ‘कॅट’ नावाची एक आहे. ती फाईल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पडद्यावर आणते. जोडणे या अर्थाच्या ‘कॉन्कॅटिनेट’ या इंग्रजी शब्दावरून तिचे नाव पडले. त्या नावाची अक्षरे उलटी लिहिली, की होते ‘टॅक’. ही आज्ञा शेवटची ओळ आधी आणि पहिली ओळ शेवटी दाखवते. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी घोषणा केलेल्या ग्नू प्रकल्पाच्या साधनांमध्ये ती मिळते. ॲपलच्या संगणकांवर तेच काम ‘टेल’ या आज्ञेला ‘आर’ हा पर्याय जोडून होते. संगणकाच्या नोंदवह्यांत नवी नोंद नेहमी तळाशी पडते. ताजी नोंद आधी पाहायची असेल, तर या आज्ञेचा उपयोग होतो. ‘सॉर्ट’ नावाच्या आज्ञेलाही उलटा क्रम लावता येतो, पण तिचे काम निराळे आहे. ती ओळी वर्णानुक्रमाने लावते आणि मूळ क्रम मोडते. टॅक क्रम मोडत नाही, तो फिरवते.

मी टॅक चालवली आणि क्षणात फाईल उलटी होऊन पडद्यावर आली. आनंद फार टिकला नाही. आजीच्या बहुतेक ओव्या दोन ओळींच्या आहेत. टॅकला ओळ कळते, ओवी कळत नाही. तिने प्रत्येक ओवीची दुसरी ओळ आधी आणि पहिली ओळ नंतर टाकली होती. जणू उत्तर आधी आणि प्रश्न मागून. शिवाय अगदी वर दोन ओळी एकमेकींना चिकटल्या होत्या. कारण शोधले, तेव्हा कळले, की फाईलच्या शेवटच्या ओळीनंतर मी एंटर दाबलेच नव्हते. ओळ कुठे संपली याची खूण नसल्यामुळे शेवटची ओळ उलटताना तिच्या आधीच्या ओळीला जाऊन भिडली.

यावर उपाय होता. टॅकला ‘एस’ हा पर्याय देऊन सांगता येते, की ओळीच्या शेवटाऐवजी अमुक खुणेपर्यंतचा मजकूर एक घटक धर. मी प्रत्येक ओवीनंतर एक खूण घातली, शेवटच्या ओवीनंतरसुद्धा घातली. आता ओव्या उलट्या क्रमाने आल्या आणि प्रत्येक ओवी आतून सुलट राहिली. मला हवे होते ते हेच.

आणि इथेच मी उतावळेपणा केला. पडद्यावर दिसणारा निकाल फाईलमध्ये साठवण्यासाठी बाणासारखे ‘>’ हे चिन्ह वापरतात. मी चिन्हाच्या पुढे त्याच फाईलचे नाव लिहिले. म्हणजे, ‘ओव्यांची फाईल उलटी कर आणि त्याच फाईलमध्ये ठेव.’ यंत्राने काहीही विचारले नाही. फाईल उघडून पाहिली, तर कोरी. आज्ञा चालण्यापूर्वीच निकालाची फाईल रिकामी करून ठेवली जाते, असा नियम आहे. टॅक वाचायला गेली तेव्हा तिथे वाचायला काही उरलेच नव्हते. पाहुण्यांसाठी भांडे हवे म्हणून आधी आमटी ओतून द्यावी आणि मग त्याच भांड्यातून वाढायला बसावे, असा प्रकार.

२६५ ओव्यांची प्रत मोबाईलमध्ये होती. संगणकावर टाईप केलेल्या शेवटच्या ४७ गेल्या. आजीकडे पुन्हा गेले. ती म्हणाली, “अगं बाय, जात्यावर बसल्याबिगर कुठल्या आठवत्यात?” तरी तिने आठवून आठवून ३१ सांगितल्या. त्यांतल्या काहींचे शब्द बदलले होते. कोणते आधीचे होते हे तिलाही सांगता आले नाही आणि मलाही नाही. प्रकल्पात मी २९६ ओव्या दिल्या. राहिलेल्या सोळांबद्दल अजूनही वाईट वाटते.

हे सारे वाचून माझ्या मैत्रिणी म्हणतील, ‘बघ, म्हणूनच या भानगडीत पडू नये.’ माझे मत नेमके वेगळे झाले. चूक माझी होती. आणि ती टाळण्याचे उपाय इतके साधे आहेत, की ते कोणी आपल्याला शिकवले नाहीत याचेच नवल वाटते. निकाल नेहमी नव्या नावाच्या फाईलमध्ये ठेवावा. आधी मूळ फाईलची प्रत काढावी. ‘डब्ल्यूसी’ या आज्ञेने आधीच्या आणि नंतरच्या ओळी मोजून पाहाव्यात. आणि सर्वांत सोपी परीक्षा म्हणजे, उलटलेली फाईल पुन्हा उलटावी आणि ती मूळ फाईलशी तंतोतंत जुळते का ते पाहावे. गणितात आपण भागाकाराचा ताळा घेत होतो, तसा हा ताळा. चिकटलेल्या ओळींची चूकही या ताळ्यात सापडली असती.

आता दुसऱ्या आज्ञेकडे वळते, कारण मराठीच्या विद्यार्थ्याचा खरा संबंध तिथे येतो. तिचे नाव ‘रेव्ह’. ती ओळींचा क्रम तसाच ठेवते, पण प्रत्येक ओळ शेवटच्या चिन्हापासून पहिल्या चिन्हापर्यंत उलटी लिहिते. प्राथमिक शाळेत आपण सर्वांनी ‘रामाला भाला मारा’ हे वाक्य उलटसुलट वाचून टाळ्या पिटल्या आहेत. मी ते रेव्हला दिले. ते जसेच्या तसे परत येईल अशी माझी खात्री होती. पडद्यावर आले ते असे: ‘ाराम ालाभ ालामार’. प्रत्येक शब्दाचा पहिला काना हवेत लोंबकळत होता आणि बाकीचे काने भलत्याच अक्षरांना जाऊन लागले होते.

पहिलीतल्या मुलाला जे कळते ते यंत्राला का कळू नये? कारण आपण ज्याला अक्षर म्हणतो त्याला यंत्र अक्षर मानत नाही. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिच्यात देवनागरी होती. तिची मांडणी भारतातच तयार झालेल्या इस्की या १९८८ च्या संकेतावरून घेतली होती. त्या मांडणीत व्यंजन हे एक चिन्ह, काना हे दुसरे, वेलांटी हे तिसरे, हलन्ताची खूण हे चौथे. ‘मराठी’ या शब्दात आपण तीन अक्षरे मोजतो, यंत्र पाच चिन्हे मोजते. ‘विद्या’ या शब्दात आपल्याला दोन अक्षरे दिसतात, यंत्राला सहा चिन्हे दिसतात. इंग्रजी शब्दात एका अक्षराला सहसा एकच चिन्ह असते, म्हणून तिथे रेव्हचे काम बिनबोभाट चालते. आपल्याकडे काना-मात्रा व्यंजनाच्या मागून साठवल्या जातात. ओळ उलटली, की मात्रा आपल्या व्यंजनाच्या पुढे जाते आणि शेजारच्या व्यंजनाला चिकटते.

यात यंत्राचा दुष्टपणा नाही. अक्षर म्हणजे काय, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. असे सांगण्याचे प्रयत्न चालू आहेत. व्यंजन आणि त्याची मात्रा हा एक गट मानावा, असा नियम युनिकोडमध्ये आहे आणि ‘पर्ल’सारख्या भाषांत तो वापरता येतो. तो वापरला, की ‘रामाला भाला मारा’ उलटूनही अक्षरांचा क्रम तसाच राहतो, फक्त शब्दांमधल्या मोकळ्या जागा सरकतात. पण जोडाक्षरांचा प्रश्न त्याने सुटत नव्हता. ‘विद्या’ या शब्दातले ‘द्या’ हे अक्षर त्या नियमाने ‘द्’ आणि ‘या’ असे तुटत असे, आणि शब्द उलटला की ‘याद्वि’ होत असे. २०२३ साली आलेल्या युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत देवनागरीसारख्या लिप्यांची जोडाक्षरे एकत्र ठेवण्याचा नियम घातला गेला. त्या नियमाने उलटले तर ‘द्यावि’ येते, आणि कोणताही मराठी माणूस तेच म्हणेल. पहिल्या आवृत्तीपासून इथवर यायला बत्तीस वर्षे लागली.

वर्गात आपण छंद शिकतो. मोठ्या अभंगाच्या चरणांत सहा, सहा, सहा, चार अशी अक्षरे असतात, हे आपण बोटांवर मोजतो. हीच मोजणी यंत्राकडून करून घ्यायची ठरवली आणि त्याने काना-वेलांट्याही वेगळ्या मोजल्या, तर एकही अभंग छंदात बसणार नाही. ती चूक कोणाच्या लक्षात येईल? ज्याला आज्ञा येतात पण अक्षरसंख्या म्हणजे काय ते ठाऊक नाही, त्याच्या नाही. ज्याला छंद येतो पण आज्ञा येत नाहीत, त्याच्याही नाही. दोन्ही जाणणारा कोणीतरी लागेल, आणि तो आपल्यातूनच निघायला हवा.

रेव्ह मराठीच्या काही कामाची नाही असे मात्र कोणी समजू नये. मी तिचा एक उपयोग शोधला आणि तो मला फार आवडला. आजीच्या ओव्यांतले सगळे शब्द मी एका ओळीवर एक असे मांडून घेतले. मग पाईपने तीन आज्ञा जोडल्या: रेव्ह, सॉर्ट आणि पुन्हा रेव्ह. पहिल्या रेव्हने प्रत्येक शब्द मोडून उलटा केला. सॉर्टने त्या मोडक्या शब्दांना क्रमाने लावले. दुसऱ्या रेव्हने प्रत्येक शब्द पुन्हा होता तसा केला. दोनदा उलटल्यामुळे एकही काना जागचा हलला नाही, पण यादी आता शब्दांच्या शेवटांनुसार लागली होती. ‘गाणी’, ‘पाणी’, ‘राणी’ एका रांगेत आले. ‘ला’ने संपणारे एका ठिकाणी, ‘च्या’ने संपणारे एका ठिकाणी. यमके एका बाजूला गोळा झाली, विभक्तीचे प्रत्यय दुसऱ्या बाजूला. व्याकरणाच्या तासाला जो तक्ता आपण पाठ करतो तो आजीच्या तोंडच्या शब्दांतून आपोआप उभा राहिलेला मी पाहिला. आमच्या घरातली बोली तोपर्यंत मला जरा लपवण्यासारखीच वाटत असे.

कोणी म्हणेल, की आता कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगितले की हे सगळे होते, मग या जुन्या आज्ञा कशाला शिकायच्या? माझे उत्तर असे, की तिच्याकडून मदत जरूर घ्यावी, पण ती एखादी ओवी गाळते की काय, एखादा शब्द ‘शुद्ध’ करून टाकते की काय, याची धास्ती राहते. आजीच्या ‘आठवत्यात’चे ‘आठवतात’ झाले तर मला चालणार नाही. टॅक अडाणी आहे, पण प्रामाणिक आहे. तिला मराठी येत नाही, म्हणून ती मराठी सुधारायलाही जात नाही. ज्या कामात मूळ शब्द जपायचा आहे तिथे असे साधन हाताशी हवे.

म्हणून माझी प्राध्यापकांना विनंती आहे, की कला शाखेच्या मुलांना आठवड्यातून एक तास प्रयोगशाळेत द्यावा. नोकरीसाठी टंकलेखनाचा वर्ग लावतात तसा नव्हे. आपली भाषा, आपली गाणी, आपल्या बोलीतले शब्द घेऊन बसायचे आणि यंत्राकडून ती मोजून, लावून, उलटसुलट करून घ्यायची. लागणारी साधने फुकट आहेत आणि जुन्या संगणकावरही चालतात. आणि माझ्यासारखे जे घरातले पहिलेच कॉलेजात आले आहेत त्यांना एवढेच सांगते, की त्या काळ्या खिडकीला भिऊ नका. घरी कोणाला संगणक येत नाही, म्हणून आपल्याला तो येणार नाही असे मलाही वाटत होते. ती खिडकी इंग्रजी संभाषण मागत नाही, कपडे पाहत नाही. मागते ती एकच गोष्ट: तुम्हाला काय हवे आहे ते नेमके सांगा. उलट म्हणजे चिन्हे उलट, ओळी उलट, की ओव्या उलट, हे ठरवणे तिचे काम नाही. ते आपले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी पुन्हा आजीजवळ बसणार आहे. शेजारच्या आळीत एका घरी अजून जाते आहे, ते तिने विचारून ठेवले आहे. जात्याचा खुंटा हाती आला की राहिलेल्या सोळा ओव्या येतील, असे ती म्हणते. या वेळी मी प्रत्येक ओवी खाली लिहिणार आहे, प्रत्येक ओवीनंतर एंटर दाबणार आहे, आणि रोज रात्री प्रत काढून ठेवणार आहे.